कळमनुरीसारख्या गावी लघुउद्योजकाचे खेळते भांडवल : हळदप्रक्रियेच्या उदाहरणाने एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

लघुउद्योगांना उपलब्ध असलेल्या साह्याविषयी माहिती देणाऱ्या पुस्तिकांची आज वाण नाही. त्यांची मांडणीही बहुधा एका साच्याची असते. प्रथम योजनेचे नाव, मग पात्रतेच्या अटी, त्यानंतर अनुदानाची टक्केवारी आणि शेवटी अर्जासोबत जोडावयाच्या कागदपत्रांची यादी. ही माहिती आवश्यक आहे यात शंका नाही. तथापि, ती योजनेच्या बाजूने रचलेली असते, उद्योगाच्या बाजूने नव्हे. उद्योजकाच्या हाती पैसा कोणत्या महिन्यात येतो, कोणत्या महिन्यात जातो आणि मधल्या काळात तो कशाच्या रूपाने अडकून पडतो, याचा विचार तीत क्वचितच आढळतो. परिणामी ज्याला यंत्रासाठी अनुदान मिळाले आहे असा उद्योजकही कच्चा माल घ्यावयास पैसा नाही म्हणून यंत्र बंद ठेवून बसल्याचे दृश्य दिसू शकते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. तालुक्याच्या गावी शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या लहान उद्योगाची खरी अडचण स्थिर भांडवलाची नसून खेळत्या भांडवलाची असते. साह्याच्या योजनांचा कल मात्र यंत्राकडे आहे. यास्तव या योजनांचा उपयोग उद्योजकाने कोणत्या क्रमाने करावा, हे त्याच्या वार्षिक पैशाच्या चक्रावरून ठरविले पाहिजे. हे प्रतिपादन कळमनुरी तालुक्यातील हळदप्रक्रियेचे उदाहरण घेऊन तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे. उदाहरणातील रकमा हिशेबाच्या सोयीसाठी गृहीत धरलेल्या आहेत. त्या कोणत्याही प्रत्यक्ष उद्योगाच्या नाहीत.

२. स्थळ आणि पीक

कळमनुरी हा हिंगोली जिल्ह्यातील पाच तालुक्यांपैकी एक होय. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती, आणि तीपैकी नागरी वस्ती सुमारे १५ टक्केच होती. म्हणजे येथील उद्योजकाचा ग्राहक, मजूर आणि कच्चा माल पुरविणारा हे तिघेही प्रायः शेतीवरच अवलंबून आहेत. कळमनुरीचे गाव हिंगोली–नांदेड रस्त्यावर आहे. परिसरातून कयाधू वाहते, आणि पैनगंगेवरील इसापूरचे धरणही याच भागात आहे. तालुक्यात आंध या आदिवासी जमातीची वस्ती असून एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय कळमनुरी येथेच आहे. या गोष्टीचे महत्त्व पुढे ध्यानात येईल.

जेथे पाण्याची सोय आहे तेथे या जिल्ह्यात हळदीचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. हिंगोली येथील संत नामदेव मार्केट यार्ड आणि वसमतची बाजारपेठ या हळदीच्या व्यापाराकरिता प्रसिद्ध आहेत. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र शासनाने २०२० साली जी योजना सुरू केली, तीतील ‘एक जिल्हा एक उत्पादन’ या तत्त्वानुसार हिंगोली जिल्ह्याकरिता हळदच निवडली गेली.

हळदीचे अर्थशास्त्र समजण्यासाठी तिचे वेळापत्रक पाहिले पाहिजे. मे-जूनमध्ये लागवड झालेले पीक आठ-नऊ महिन्यांनी काढणीस येते. काढलेले ओले गड्डे शिजवावे लागतात, मग ते दहा-पंधरा दिवस उन्हात वाळतात आणि नंतर पिंपात घोळून त्यांना पॉलिश केले जाते. ओल्या हळदीच्या वजनाचा सुमारे पाचवा भागच वाळलेल्या हळकुंडाच्या रूपाने शिल्लक राहतो. हे सर्व आटोपून माल बाजारात येतो तो मुख्यतः मार्च ते मे या काळात. हळदीची पूड मात्र घरोघर बारा महिने लागते. एका हंगामात येणारा माल आणि वर्षभर चालणारी मागणी यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते कोणाला तरी आपल्या पैशाने भरून काढावे लागते. हा पैसा कोणाचा, हाच आपला प्रश्न होय.

३. एक हिशेब

समजा, कळमनुरीत एखाद्याने हळद दळण्याचा लहान उद्योग उभारला. यंत्रसामग्रीस ८ लाख रुपये लागले. वर्षाला ३०० क्विंटल हळकुंड, म्हणजे दरमहा २५ क्विंटल, दळावयाचे आहे. हळकुंडाचा भाव क्विंटलला १२,००० रुपये धरला तर कच्च्या मालाची वार्षिक किंमत ३६ लाख रुपये होते. पूड विकून वर्षाला ४२ लाख रुपये येतात असे मानू. वरच्या ६ लाखांत मजुरी, वीज, वेष्टन, वाहतूक, व्याज आणि मालकाचा नफा हे सर्व बसवावयाचे आहे.

आता दोन पर्याय पाहू. पहिल्या पर्यायात उद्योजक सगळा माल हंगामाच्या तीन महिन्यांत, दरमहा १०० क्विंटल याप्रमाणे, थेट शेतकऱ्याकडून किंवा बाजार समितीतून घेतो. मेअखेर त्याने ७५ क्विंटल दळलेले असेल, म्हणजे २२५ क्विंटल माल कोठारात असेल. त्याची किंमत २७ लाख रुपये. किराणा दुकानदारांना एक महिन्याची उधारी दिली तर तिचे आणखी साडेतीन लाख. म्हणजे मेअखेरीस साडेतीस लाख रुपये मालात आणि उधारीत गुंतलेले असतील. दुसऱ्या पर्यायात तो दर महिन्याला लागेल तेवढाच माल साठा करणाऱ्या व्यापाऱ्याकडून घेतो. त्याच्याजवळ एक महिन्याचा, म्हणजे ३ लाखांचा साठा राहतो. दुकानदारांना दोन महिन्यांची उधारी दिली तरी तिचे ७ लाख होतात. एकूण १० लाखांत त्याचे काम भागते.

बँक यांपैकी कोणत्या पर्यायास पैसा देते? लघुउद्योगांच्या पतपुरवठ्याचा विचार करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने पी. आर. नायक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल १९९२ साली आला. या समितीच्या शिफारशीवरून रूढ झालेल्या सूत्राप्रमाणे खेळत्या भांडवलाची गरज अपेक्षित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के धरली जाते. त्यांतील २० टक्के बँक देते आणि ५ टक्के उद्योजकाने स्वतः घालावयाचे असतात. आपल्या उदाहरणात ही गरज साडेदहा लाख ठरते, आणि बँकेचा हिस्सा ८ लाख ४० हजार येतो. सूत्रामागील गृहीतक उघड आहे. पैसा वर्षातून चार वेळा फिरतो, म्हणजे उत्पादनाचे चक्र तीन महिन्यांचे आहे, असे त्यात मानलेले आहे.

या सूत्रात दुसरा पर्याय बरोबर बसतो, पहिला मात्र बसत नाही. म्हणजे पतपुरवठ्याचे एक निरुपद्रवी दिसणारे सूत्र उद्योजकाने शेतकऱ्याकडून माल घ्यावा की साठेदाराकडून, हेही नकळत ठरवून टाकते. हंगामात भाव उतरलेला असता खरेदी करण्याचा आणि शेतकऱ्याशी थेट व्यवहार करण्याचा लाभ ज्याच्यापाशी आधीच पैसा आहे त्यालाच मिळतो. यात दुसरी बाजू नाही असे नाही. ज्याने साठा केला त्याने भाव उतरण्याचा धोकाही पत्करलेला असतो, आणि ८ लाखांच्या यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाने २७ लाखांच्या मालाचा धोका पत्करावा काय, हा बँकेचा प्रश्न रास्तच आहे. परंतु साडेदहा लाख आणि साडेतीस लाख यांच्यामध्येही अनेक टप्पे आहेत. तीन-चार महिन्यांचा साठा करू इच्छिणाऱ्या सावध उद्योजकाची गरजदेखील हे सूत्र भागवू शकत नाही.

ही मर्यादा सूत्रातच मान्य केलेली आहे, हे फारसे ठाऊक नसते. २० टक्के ही किमान मर्यादा असून उत्पादनाचे चक्र तीन महिन्यांहून मोठे असल्याचे दाखवून दिल्यास बँकेने प्रत्यक्ष गरजेवरून कर्जमर्यादा ठरविणे अपेक्षित आहे. मात्र ते दाखवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. छापील नमुन्यावरून उतरविलेल्या प्रकल्प अहवालात महिनावार खरेदी-विक्रीचा तक्ता नसतो, आणि तक्ता नसला की बँकेचा अधिकारी साहजिकच सूत्राकडे वळतो.

भावातील चढउताराचा परिणामही लक्षात घेतला पाहिजे. २०२० नंतरच्या चार वर्षांत हळदीचे भाव दुपटीहून अधिक चढले होते. कर्जमर्यादा रुपयांत ठरते, यंत्राला मात्र क्विंटल लागतात. साडेदहा लाखांत क्विंटलला ६,००० या भावाने १७५ क्विंटल हळकुंड येते, तर १२,००० या भावाने साडेसत्त्याऐंशी क्विंटलच येते. म्हणून भाव चढला की साठेदार सुखावतो आणि दळणारा अडचणीत येतो. कर्जमर्यादेचा दरवर्षी फेरविचार करून घेणे हे या दृष्टीने केवळ उपचाराचे काम नव्हे.

बँकेचा पैसा अपुरा पडला तर उरलेली गरज अडत्याच्या उचलीवर किंवा हातउसन्या पैशावर भागते. समजा, १० लाख रुपये सहा महिन्यांसाठी हवे आहेत. द.सा.द.शे. ११ या दराने त्याचे व्याज ५५,००० रुपये होईल, आणि दरमहा शेकडा दोनच्या बोलीने ते १,२०,००० होईल. फरक ६५,००० रुपयांचा, म्हणजे वर सांगितलेल्या ६ लाखांच्या दहाव्या हिश्शाहून अधिक! उद्योग तरतो की बुडतो हे पुष्कळदा एवढ्या फरकावरच अवलंबून असते.

४. योजना आणि त्यांचा कल

आता प्रमुख योजनांकडे या दृष्टीने पाहू. येथे दिलेल्या अटी २०२५-२६ अखेरच्या कालखंडासाठी मंजूर झालेल्या स्वरूपातील आहेत. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाचे नियम संबंधित कार्यालयातून पडताळून घेणे अगत्याचे आहे.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत वैयक्तिक उद्योगास पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अनुदान ठरविण्यात आले. उद्योजकाचा स्वतःचा वाटा किमान १० टक्के असावा लागतो. आपल्या उदाहरणातील ८ लाखांच्या यंत्रसामग्रीवर हे अनुदान २ लाख ८० हजार होईल. ते हाती रोख मिळत नाही. बँकेत वेगळे ठेवले जाऊन तीन वर्षे कर्ज नियमित राहिल्यास आणि उद्योग चालू असल्यास कर्जात वळते केले जाते. म्हणजे उद्योग पहिल्या वर्षी पैशावाचून बंद पडला तर अनुदानाचा लाभही जातो. या योजनेत खेळत्या भांडवलाचा थेट विचार आहे तो स्वयंसहायता गटांपुरता. गटातील प्रत्येक सदस्यामागे ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल त्याकरिता व लहान अवजारांकरिता देण्याची तरतूद झाली. दहा जणींच्या गटास ते ४ लाखांपर्यंत होऊ शकते. आपल्या भावाने त्यात ३३ क्विंटल हळकुंड येते. रक्कम थोडी असली तरी ती नेमकी हव्या त्या ठिकाणी पडणारी आहे.

पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम २००८ साली सुरू झाला. खादी व ग्रामोद्योग आयोग ही त्याची केंद्रीय यंत्रणा असून जिल्हा उद्योग केंद्रामार्फतही अर्ज करता येतो. २०२२ नंतर उत्पादन उद्योगासाठी ५० लाख आणि सेवा उद्योगासाठी २० लाख अशी प्रकल्पखर्चाची कमाल मर्यादा झाली. ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदारास २५ टक्के, तर स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्य, माजी सैनिक, अपंग इत्यादींस ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा अनुक्रमे १० व ५ टक्के, असे प्रमाण होते. या कार्यक्रमात प्रकल्पखर्चामध्ये एका चक्रापुरते खेळते भांडवल धरता येते. ही गोष्ट मोलाची आहे. तथापि, तीस एक अट जोडलेली आहे. तीन वर्षांच्या मुदतीत रोखपतीच्या मर्यादेचा एकदा तरी पूर्ण आणि एरवी किमान ७५ टक्के उपयोग झाला पाहिजे. तसे न झाल्यास त्या प्रमाणात अनुदान परत घेतले जाते. अनुदान वाढावे म्हणून खेळत्या भांडवलाचा आकडा फुगविणाऱ्याने ही अट ध्यानात ठेवावी.

८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंत ‘शिशु’, ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ आणि १० लाखांपर्यंत ‘तरुण’ असे वर्ग आहेत. ‘तरुण’ कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये २० लाखांपर्यंतचा वर्ग वाढविण्यात आला. यात अनुदान नाही म्हणून अर्जदार या योजनेस दुय्यम मानतात. वस्तुतः खेळत्या भांडवलासाठी तीच अधिक सोयीची आहे. तारणाविषयीही गैरसमज आढळतो. सूक्ष्म व लघुउद्योगांना १० लाखांपर्यंतच्या कर्जास तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बँकांना बजावले होते. त्यावरील कर्जास २००० साली स्थापन झालेल्या पतहमी निधीची हमी घेता येते.

मालाच्या तारणावरील कर्जाचा मार्गही उल्लेखनीय आहे. राज्य कृषि पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात ठेवलेल्या हळदीवर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांकरिता सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळते. ही सोय शेतकऱ्यासाठी आहे, व्यापाऱ्यासाठी वा प्रक्रिया करणाऱ्यासाठी नाही. त्यांच्याकरिता २००७ च्या वखार कायद्याने अस्तित्वात आलेली परक्राम्य गोदामपावती हा पर्याय आहे. नोंदणीकृत वखारीत माल ठेवून तिच्या पावतीवर बँकेकडून कर्ज काढता येते. पहिल्या पर्यायातील साठ्याचा प्रश्न तत्त्वतः या पावतीने सुटू शकतो. एक शक्यता आणखी आहे. दळणाऱ्याने हळद पिकविणाऱ्या शेतकऱ्यांशी किंवा त्यांच्या उत्पादक कंपनीशी करार केला, तर शेतकरी स्वतःच्या नावे तारणकर्ज घेऊन माल राखून ठेवील आणि उद्योजक तो महिन्यामहिन्याला उचलील. साठ्याचा भार मग दोघांत विभागला जाईल.

५. नोंदणी, उधारी आणि कायदा

खेळते भांडवल मिळविणे जितके महत्त्वाचे, तितकेच अडकलेले सोडविणेही महत्त्वाचे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमातील कलम १५ ते १८ या दृष्टीने अभ्यासनीय आहेत. नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उपक्रमाकडून माल घेणाऱ्याने लेखी कराराप्रमाणे, परंतु कोणत्याही स्थितीत ४५ दिवसांच्या आत, पैसे दिले पाहिजेत. करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच आहे. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने, व्याज द्यावे लागते. बँकदर समजा ६ टक्के असला तर हा दर १८ टक्के होतो. तक्रार सुविधा परिषदेकडे करावयाची असून ती २०१७ पासून ‘समाधान’ या संकेतस्थळावरून दाखल करता येते. शिवाय २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकराच्या कायद्यात अशी दुरुस्ती केली की, मुदतीत न दिलेली ही रक्कम खरेदीदारास प्रत्यक्ष दिलेल्या वर्षीच खर्च म्हणून वजा मिळावी.

या संरक्षणासाठी ‘उद्यम’ नोंदणी हवी. ती १ जुलै २०२० पासून सुरू झाली असून पूर्णतः विनामूल्य आहे. तिच्याकरिता मध्यस्थास पैसे देण्याचे कारण नाही. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत व उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उपक्रम ‘सूक्ष्म’ गणला जातो. अर्थात कळमनुरीतील बहुतेक उद्योग याच वर्गात मोडतील. येथे दोन भेद विसरता कामा नयेत. पहिला असा की, २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही नोंदणी खुली झाली, ती केवळ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती. विलंबित देयकांचे संरक्षण त्यांना नाही. म्हणजे हळकुंड घेऊन तसेच विकणारा या कायद्याच्या बाहेर राहतो आणि तेच दळून विकणारा आत येतो. दुसरा भेद काळाचा आहे. माल दिल्यानंतर केलेल्या नोंदणीने मागील व्यवहारास संरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात म्हटले. पुढे २०२५ च्या जानेवारीत नोंदणीच्या आवश्यकतेचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. वाद काहीही असो, पहिले बिल फाडण्यापूर्वी नोंदणी करणे हेच शहाणपणाचे.

व्यवहारात एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. कळमनुरीचा दळणारा ज्या किराणा दुकानदारास उधार देतो, त्याच्यावर तो तक्रार करणार नाही. उद्या त्याच्याच दुकानी त्याला माल ठेवावयाचा असतो. कायद्याचा उपयोग होईल तो मोठ्या मसाला कंपनीशी किंवा शासकीय खरेदीदाराशी व्यवहार करताना. स्थानिक उधारीला वहीतील शिस्त आणि मुदतीत पैसे देणाऱ्यास थोडी सूट, हेच औषध लागू पडते.

वस्तू व सेवा कराचा येथे प्रसंगानेच उल्लेख करू. मालाच्या पुरवठ्यात वार्षिक ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. आपल्या उदाहरणातील ४२ लाखांची विक्री ही मर्यादा ओलांडते. दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्यास सोपी आपसमेळाची पद्धत स्वीकारता येते, परंतु तीत राज्याबाहेर माल विकता येत नाही. नांदेडपलीकडे लगेच तेलंगणाची हद्द लागते, हे ध्यानी घेऊनच निवड करावी. भरलेली विवरणपत्रे ही बँकेच्या दृष्टीने विक्रीचा सर्वांत विश्वसनीय पुरावा असतात, आणि कर्जमर्यादा विक्रीवरून ठरत असल्याने रोखीत दडविलेली विक्री शेवटी उद्योजकाचेच भांडवल कमी करते. खाद्यपदार्थाचे उत्पादन असल्यामुळे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना अर्थातच आवश्यक आहे.

६. साह्याची ठिकाणे आणि कामाचा क्रम

जिल्हा उद्योग केंद्र हे पहिले ठिकाण होय. सूक्ष्म अन्नप्रक्रियेची योजना मात्र कृषि विभागाकडे आहे. प्रशिक्षणासाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आणि १९८८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र यांचा उपयोग होतो. स्त्रियांच्या गटांसाठी ‘उमेद’ अभियान आणि १९७५ पासून कार्यरत असलेले महिला आर्थिक विकास महामंडळ आहे. आदिवासी अर्जदारास प्रकल्प कार्यालय कळमनुरीतच असल्याचा लाभ आहे. इतर बहुतेक कामांसाठी हिंगोलीस जावे लागते, आणि एका माणसावर चालणाऱ्या उद्योगात कचेरीची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेला एक दिवस असतो.

म्हणून क्रमाचे महत्त्व. आमच्या मते तो असा असावा. सर्वप्रथम बारा महिन्यांचा खरेदी, साठा, विक्री आणि उधारी यांचा तक्ता करावा, आणि सर्वाधिक पैसा कोणत्या महिन्यात अडकतो ते काढावे. त्यानंतर उद्यम व अन्नसुरक्षा नोंदणी करावी. मग यंत्राचे मुदतकर्ज आणि खेळत्या भांडवलाची मर्यादा या दोहोंचा अर्ज एकाच वेळी, एकाच बँकेत द्यावा. एकाची मंजुरी दुसऱ्यावाचून स्वीकारू नये. यंत्र बसण्याची तारीख हळदीच्या हंगामाआधी येईल असे पाहावे, कारण जूनमध्ये बसलेल्या यंत्राला पहिले वर्ष साठेदाराच्या भावानेच काढावे लागते. अनुदानाचा विचार सर्वांत शेवटी करावा. ते मिळाले तर उद्योग सुलभ होतो. परंतु त्याच्यावाचून जो हिशेब जुळत नाही, तो त्याच्यासहही फार काळ जुळत नाही.

संशोधनाच्या दृष्टीने येथे करण्यासारखे बरेच आहे. नाबार्डचा संभाव्य पतआराखडा आणि अग्रणी बँकेची वार्षिक पतयोजना यांत दिलेल्या कर्जाची बेरीज मिळते. ते कर्ज कोणत्या महिन्यात दिले गेले आणि त्या महिन्यात उद्योजकाच्या कोठारात किती माल होता, हे त्यांवरून कळत नाही. अग्रणी बँक योजनेचा पाया घालणाऱ्या १९६९ च्या अभ्यासगटाचे अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते. पतपुरवठा प्रदेशाच्या गरजेवरून ठरावा, ही त्या विचाराची दिशा होती. त्या गरजेत स्थळाबरोबर ऋतूचाही समावेश केला पाहिजे. कळमनुरी तालुक्यातील वीस-पंचवीस प्रक्रिया उद्योगांच्या वह्या वर्षभर, महिन्यामहिन्याला पाहून असा तक्ता एखाद्या विद्यार्थ्याने तयार केला, तर तो प्रबंधापुरता राहणार नाही. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर बसलेल्या पुढच्या अर्जदाराच्या हाती तो पुरावा म्हणून देता येईल.